तांबी आणि पाळी जाण्याचा काळ

शिक्षकांच्या एका शिबिरात ‘प्रजननसंस्था हा धडा कसा शिकवावा’ या विषयावर आमचे सत्र होते. सत्र संपल्यावर नेहमीप्रमाणे पेटी फिरवली. ज्यांना उघडपणे विचारणे अवघड वाटते त्यांनी नाव न घालता चिठ्ठी टाकावी, असे सांगितले. बहुतेक चिठ्ठ्या वर्गातल्या अडचणींच्या होत्या. मुले हसतात, मुली माना खाली घालतात, धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिला जातो, वगैरे. एक चिठ्ठी मात्र वेगळी होती. तिच्यात लिहिले होते :

“माझं वय ४४. धाकटा मुलगा झाल्यावर अकरा वर्षांपूर्वी तांबी बसवली, ती तशीच आहे. वर्षभर पाळीचा नेम नाही. दोन-दोन महिने येत नाही, आणि आली की दहा-बारा दिवस अंगावरून जातं. तासाला उभं राहवत नाही. आता पाळी जायलाच आली, तर तांबी काढून टाकू का? एका डॉक्टरांनी पिशवीच काढा म्हणून सांगितलंय.”

ज्या बाईंनी हे लिहिले त्या स्वतः दहावीच्या वर्गाला प्रजननसंस्थेची आकृती काढून दाखवत असणार. पण ती आकृती स्वतःच्या शरीराला कशी लावायची, हे पुस्तकात नसते. पुस्तकातले ऋतुचक्र २८ दिवसांचे आणि अगदी शिस्तीचे असते. ते विस्कटू लागते तेव्हा काय होते, याबद्दल पुस्तक गप्प आहे. म्हणून त्या चिठ्ठीचे उत्तर थोडे विस्ताराने द्यायचे आम्ही ठरवले. चिठ्ठीत तीन प्रश्न आहेत. पाळी अशी का झाली? तांबीचे काय करायचे? आणि पिशवी काढायची का?

चक्र का विस्कटते?

मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या दोन बीजकोशांत मिळून दहा ते वीस लाख अपक्व स्त्रीबीजे असतात. वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात. यांतून आयुष्यभरात फार तर चारशे-पाचशे बीजे पक्व होऊन बाहेर पडतात. बाकीची हळूहळू नष्ट होतात. चाळिशी उलटली की हा साठा संपत आलेला असतो.

दर महिन्याला मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी एफ.एस.एच. नावाचे संप्रेरक सोडून बीजकोशाला ‘बीज तयार करा’ असा निरोप धाडते. बीज वाढताना त्याच्याभोवतीच्या पेशी इस्ट्रोजेन तयार करतात, आणि त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होते. बीज बाहेर पडले की मागे राहिलेल्या पेशी प्रोजेस्टेरॉन तयार करतात. प्रोजेस्टेरॉन त्या अस्तराची वाढ थांबवते आणि त्याला स्थिर करते. गर्भ राहिला नाही तर ते ओसरते आणि अस्तर गळून पडते. हीच पाळी.

साठा कमी झाला की पियुषिकेला जोरजोरात हाका माराव्या लागतात, म्हणजे एफ.एस.एच. वाढते. कधी बीज तयार होते, कधी अर्ध्यावर राहते. बीज बाहेरच पडले नाही तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. इस्ट्रोजेन मात्र कधी कमी, कधी तर नेहमीपेक्षाही जास्त, असे हेलकावे खात राहते. अस्तर वाढतच जाते, त्याला लगाम घालणारे कोणी नसते, आणि शेवटी ते स्वतःच्या भाराने वेडेवाकडे, तुकड्यातुकड्याने गळू लागते. पाळी दोन महिने न येणे आणि मग दहा-बारा दिवस न थांबणे, ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत.

हा काळ काही महिन्यांचा नसतो. पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत तो चार-पाच वर्षे चालतो. सलग बारा महिने पाळी आली नाही की मगच ‘पाळी गेली’ असे म्हणतात. भारतात हे सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसाव्या वर्षी घडते, पाश्चात्त्य देशांत एक्कावन्नच्या सुमाराला.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. बीज ‘कधी कधी’ बाहेर पडते, म्हणजे दिवस राहण्याची शक्यता कमी झाली तरी संपलेली नसते. उलट ते कधी बाहेर पडेल याचा नेम नसल्याने दिवस मोजून सावध राहण्याची पद्धत या वयात मुळीच चालत नाही. आणि या वयातले गरोदरपण अवघड असते. आईच्या विसाव्या वर्षी डाउन लक्षणसमूह असलेले मूल होण्याची शक्यता साधारण दीड हजारात एक असते, चाळिसाव्या वर्षी शंभरात एक, पंचेचाळिसाव्या वर्षी तिसात एक. गर्भपाताचे आणि रक्तदाबाचे धोकेही वाढतात.

किती गेले, ते कसे मोजायचे?

“जास्त जातं” म्हणजे किती? सर्वसाधारण पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ८० मिलिलिटरच्या वर गेले तर ते जास्त समजतात. घरी कोणी मोजपात्र घेऊन बसत नाही. पण तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे, मोठ्या गाठी पडणे, रात्री उठावे लागणे, सात दिवसांहून जास्त चालणे या खुणा पुरेशा आहेत.

इथे एक सोपे गणित करून पाहू. नववी-दहावीच्या मुलांनाही ते जमेल. हिमोग्लोबिन १२ असणे म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅम हिमोग्लोबिन असणे. एका ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ४० मिलिग्रॅम लोह. एका पाळीत ८० मिलिलिटर रक्त गेले तर ३२ मिलिग्रॅम लोह गेले. महिन्यावर विभागले तर दिवसाला सुमारे एक मिलिग्रॅम. आता, आतड्यातून शरीरात शोषले जाणारे लोहच मुळी दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅम असते, आणि त्यातले जवळजवळ एक मिलिग्रॅम त्वचेच्या, आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर असेही जातच असते. म्हणजे जमा-खर्चाचा मेळ बसणे कठीण. १२० मिलिलिटर गेले तर हमखास तूट. ही तूट यकृतातल्या साठ्यातून भागते, आणि साठा संपला की हिमोग्लोबिन उतरू लागते. तासाला उभे न राहवणे हे ‘वयामुळे’ नसून बहुधा या तुटीमुळे असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के, आणि महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे आपल्याकडे पुष्कळजणी या काळात शिरतात त्या आधीच रित्या हाताने.

तांब्याची तांबी

आता तांबीकडे वळू. गर्भाशयात एखादी वस्तू ठेवली की गर्भ राहत नाही, ही गोष्ट जुनीच माहीत होती. आपल्याकडे कुटुंब नियोजनाच्या कार्यक्रमात १९६५ साली लिप्स लूप आला तो नुसत्या प्लॅस्टिकचा होता. तांबे आले ते चिलीतले डॉक्टर हायमे झिपर यांच्या १९६९ च्या प्रयोगामुळे. सशाच्या गर्भाशयाला दोन स्वतंत्र शाखा असतात. झिपर यांनी एका शाखेत तांब्याची तार ठेवली आणि दुसरी तशीच सोडली. तार असलेल्या शाखेत गर्भ फारच कमी रुजले. एकाच प्राण्यात प्रयोग आणि तुलना दोन्ही! त्याच सुमाराला अमेरिकेत हॉवर्ड टेटम यांनी गर्भाशयाच्या आकाराला जुळेल असा इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा साचा केला होता. तार आणि साचा एकत्र आले आणि ‘कॉपर टी’ तयार झाली. मराठीने तिचे ‘तांबी’ करून टाकले, आणि हे नाव किती नेमके आहे!

आज सरकारी दवाखान्यांत मोफत मिळणाऱ्या कॉपर टी ३८० ए मधला ३८० हा आकडा तांब्याच्या वजनाचा नाही. तो तांब्याच्या उघड्या पृष्ठभागाचा आहे, ३८० चौरस मिलिमीटर. वजन भरते जेमतेम तिसरा हिस्सा ग्रॅम. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर होते, म्हणून मोजायचा तो पृष्ठभाग. तिथून तांब्याचे आयन अगदी थोडे थोडे सुटत राहतात. ते शुक्रजंतूंना निकामी करतात, आणि गर्भाशयात हलका दाह निर्माण करून तिथले वातावरण त्यांना प्रतिकूल बनवतात. तांबी मुख्यतः फलनच होऊ देत नाही. ‘राहिलेला गर्भ पाडते’ ही समजूत बरोबर नाही. शंभर स्त्रियांनी पहिले वर्षभर वापरली तर एकीलाही दिवस राहतील-न राहतील, इतकी ती खात्रीची आहे.

तांबीत संप्रेरक नसते. त्यामुळे बीजकोशाचे काम, पाळीचे चक्र, पाळी जाण्याचे वय यांत ती काहीच ढवळाढवळ करत नाही. गरम वाफा येणे, झोप न लागणे, चिडचिड होणे ही या काळातली लक्षणे तांबीमुळे नाहीत, आणि तांबी काढल्याने ती जाणारही नाहीत. दोष एकच : तांबीमुळे पाळीत रक्त थोडे जास्त जाऊ शकते, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत. ज्या बाईला पाळी जाण्याच्या काळात आधीच जास्त जाते आहे, तिच्यासाठी हा दोष लहान नाही.

औषधालाही तांबे नसलेली तांबी

दुसरा प्रकार म्हणजे बोलीत ‘हार्मोनची तांबी’. हिच्यात तांबे औषधालाही नसते! आकार तोच, पण उभ्या दांडीभोवती ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल भरलेली बारीक नळी असते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे संप्रेरक आहे. सुरुवातीला दिवसाला सुमारे २० मायक्रोग्रॅम, पुढे कमी होत होत, ते गर्भाशयात झिरपते. फिनलंडमधले डॉक्टर तापानी लुक्काइनेन यांचा या शोधात मोठा वाटा. १९९० साली तिथेच ती प्रथम वापरात आली.

वरच्या वर्णनात उणीव कशाची होती, ते आठवा. अस्तराला लगाम घालणाऱ्या प्रोजेस्टेरॉनची. ही तांबी नेमके तेच, आणि नेमके त्या जागी पोचवते. अस्तर पातळ राहते, आणि पाळीतले रक्त काही महिन्यांत ९० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. आपल्या गणितात ३२ च्या जागी तीन मिलिग्रॅम लोह! रक्तात फार थोडे औषध जाते, म्हणून बीजकोश बहुतांशी आपले काम करत राहतात. पहिले तीन ते सहा महिने मात्र अधूनमधून डाग दिसतात. हे आधी कोणी सांगितले नाही तर बाई घाबरून ती काढून टाकते. वर्षभरानंतर साधारण पाचात एकीची पाळी दिसेनाशी होते. ‘घाण आत साठते’ असे म्हणतात ते खरे नाही. साठायला अस्तरच वाढलेले नसते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे विशेष महत्त्वाची आहे. वर सांगितलेल्या पाहणीनुसार देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्क्यांनी नसबंदीचे ऑपरेशन करून घेतले आहे, आणि तांबी वापरणाऱ्या जेमतेम दोन टक्के आहेत. ‘ऑपरेशन झालंय, मला तांबीचं काय?’ असे ऑपरेशन झालेली बाई म्हणणारच. पण ऑपरेशनमुळे अंगावरून जाणे थांबत नाही. तिच्यासाठी हार्मोनची तांबी हे गर्भनिरोधन नसून जास्त रक्तस्रावावरचा उपचार आहे.

मात्र ती प्रत्येकीसाठी नाही. स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीला ती देत नाहीत. ओटीपोटात जंतुसंसर्ग असेल, किंवा गाठींमुळे गर्भाशयाची पोकळी वेडीवाकडी झाली असेल तर कोणतीच तांबी बसवत नाहीत. विसात एखादीची तांबी आपोआप बाहेर पडते. हजारात एक-दोघींच्या गर्भाशयाला बसवताना छिद्र पडू शकते. गुप्तरोगांपासून तांबी संरक्षण देत नाही. शिवाय हार्मोनची तांबी बाजारात काही हजार रुपयांना पडते, हीही अडचण आहेच.

केव्हा काढायची?

तांबीचे आयुष्य तिच्या प्रकारावर ठरते. कॉपर टी ३८० ए दहा वर्षे, ३७५ पाच वर्षे. म्हणून बसवल्यावर मिळालेले कार्ड जपून ठेवायचे असते. पण वयाचाही हिशेब आहे. चाळिशीनंतर बीजांचीच ताकद कमी झालेली असते, म्हणून ब्रिटनमधल्या तज्ज्ञसंस्थेच्या सूचनेनुसार चाळिशीनंतर बसवलेली तांब्याची तांबी पाळी जाईपर्यंत ठेवता येते. पंचेचाळिशीनंतर बसवलेली ५२ मिलिग्रॅमची हार्मोनची तांबी गर्भनिरोधनापुरती ५५ वर्षांपर्यंत चालते.

पाळी थांबली की लगेच तांबी काढायची नाही. शेवटची पाळी पन्नाशीच्या आत आली असेल तर त्यानंतर दोन वर्षे, पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष थांबायचे. तांब्याच्या तांबीत पाळी दिसत असल्याने हे मोजता येते. हार्मोनच्या तांबीत पाळी तिच्यामुळे थांबली की वयामुळे, ते कळत नाही. तेव्हा पन्नाशीनंतर रक्तातले एफ.एस.एच. तपासून अंदाज बांधतात. ही तांबी त्या संप्रेरकाला दाबत नाही म्हणून हे शक्य होते.

पण एकदा वेळ आली की काढायची हे मात्र नक्की. वीस-वीस वर्षे आत विसरलेल्या तांब्या डॉक्टरांना सापडतात. पाळी गेल्यावर गर्भाशय आक्रसते, तिचे दोरे वर ओढले जातात, काढणे अवघड होते, आणि क्वचित जंतुसंसर्गही होतो.

पिशवी काढायची का?

चिठ्ठीतला सर्वांत मोठा प्रश्न हा. गर्भाशय काढल्याने रक्तस्राव कायमचा थांबतो, यात शंका नाही. आणि कर्करोग, फार मोठ्या गाठी अशा काही आजारांत ते काढावेच लागते. पण ते मोठे ऑपरेशन आहे. बीजकोश ठेवले तरी पाळी जाण्याची अवस्था सरासरीने लवकर येते. आणि त्यांच्यासकट काढले तर ती एका दिवसात येते, आणि हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो.

फिनलंडमध्ये जास्त रक्तस्राव होणाऱ्या २३६ स्त्रियांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. एका गटाला हार्मोनची तांबी बसवली, दुसऱ्या गटातील स्त्रियांचे गर्भाशय काढायचे ठरवले. पाच वर्षांनी पाहिले तर दोन्ही गटांच्या आरोग्यात आणि समाधानात विशेष फरक नव्हता. तांबीच्या गटाचा खर्च मात्र बराच कमी होता. तांबीच्या गटातल्या ४२ टक्के स्त्रियांना पुढे ऑपरेशन करावे लागले, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे तांबी ही जादूची कांडी नाही. पण निम्म्याहून जास्त स्त्रियांचे ऑपरेशन टळले, हेही तितकेच खरे.

आपल्या राज्यात या प्रश्नाला दुःखद संदर्भ आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची सरकारने पाहणी केली. सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांत मजुरी बुडते, उसाच्या फडात ना पाणी ना आडोसा, दवाखान्यात गेले की ‘काढून टाका, कटकट मिटेल’ हा सल्ला. अनावश्यक ऑपरेशने रोखण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या लागू करायला सांगितले. पण दवाखान्यात बसलेल्या बाईला ‘याशिवाय दुसरा उपाय आहे का?’ हा एक प्रश्न विचारता आला नाही, तर या सूचना कागदावरच राहतील.

त्या चिठ्ठीला उत्तर

तर बाई, आमचे उत्तर असे. दोन महिने पाळी आली नाही तर ‘पाळी जाते आहे’ असे स्वतःच ठरवू नका. आधी लघवीची तपासणी करून दिवस राहिले नाहीत ना, ते पाहा. तांबी असताना क्वचित दिवस राहिलेच, तर गर्भ गर्भनलिकेत असण्याची शक्यता अधिक असते, आणि त्यात जिवाला धोका असतो. मग हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी व सोनोग्राफी करून घ्या, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास अस्तराचा तुकडाही तपासून घ्या. गाठ आहे का, अस्तर धोकादायकपणे वाढले आहे का, हे कळल्याशिवाय ना तांबीला दोष देता येतो, ना वयाला.

तुमची तांबी तेहेतिसाव्या वर्षी बसवलेली आहे, म्हणून चाळिशीनंतरची सवलत तिला लागू नाही. तिची मुदत संपली आहे, ती काढायची. पण दिवस राहण्याची शक्यता अजून आहे, त्यामुळे तिच्या जागी काहीतरी हवे. तपासणीत गंभीर काही निघाले नाही तर हार्मोनची तांबी तुमच्या दोन्ही अडचणींवर एकदम उपाय ठरू शकते. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्याही आहेत. लोहाच्या गोळ्या बहुधा घ्याव्याच लागतील. आणि पिशवीचे ऑपरेशन सुचवणाऱ्या डॉक्टरांना विचारा : कारण काय सापडले? आधी दुसरा उपाय करून का पाहायचा नाही? बीजकोश ठेवणार की काढणार? समाधान झाले नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. आणि एकदा पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसले, तरी दवाखाना गाठा. ते ‘परत आलेली पाळी’ नव्हे.

राहिला वर्गाचा प्रश्न. धडा शिकवताना फळ्यावर २८ दिवसांचे चक्र जरूर काढावे. पण शेजारी चव्वेचाळिसाव्या वर्षीचे चक्रही काढावे आणि त्यात प्रोजेस्टेरॉनची रेघ कुठे गळाली ते मुलांकडून शोधून घ्यावे. वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या आणि मुलीच्या घरात या वयाची आई, मावशी किंवा काकू असते. ती रात्री पंखा मोठा का करते, दुपारी भिंतीला टेकून का बसते, हे त्यांना कळले तर ते तिला दवाखान्यात जायला सांगतील. तो धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिला, तर हे त्यांना कोण सांगणार?